मुंबई आंदणाने वसली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मुंबईच्या जन्मावर नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो ती कथा पुन्हा एकदा सांगितली गेली आहे. पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले, मुंबई आंदणात गेली, राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातली आणि कंपनीने सात बेटे जोडून शहर उभे केले, असा त्या कथेचा सारांश. यातले एकही विधान सर्वस्वी खोटे नाही. परंतु ती ज्या क्रमाने आणि ज्या थाटात सांगितली जातात, त्यामुळे एक ओसाड बेट लग्नाच्या तहात हातोहात बदलले आणि त्यावर परक्यांच्या कर्तबगारीने शहर उगवले, असा वाचकाचा समज होतो. शहर म्हणून मुंबईची सुरुवात शोधायची असेल, तर ती १६६१च्या तहात सापडत नाही. पुढे दहा-बारा वर्षांनी कंपनीला इथल्या रहिवाशांशी जो करार करावा लागला, त्यात ती सापडते, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आधी त्या तहाविषयी. २३ जून १६६१ रोजी झालेल्या या तहात मुंबईचे बेट व बंदर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायचे ठरले, हे खरे. पण त्याच तहात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे तांजियर होते, वीस लाख क्रुसाडो (पोर्तुगीज नाणी) रोख होते आणि डचांविरुद्ध पोर्तुगिजांना मदत करण्याचे इंग्लंडचे वचनही होते. स्पेनच्या जोखडातून नुकता सुटलेला आणि पूर्वेकडची ठाणी एकामागून एक डचांच्या हाती जाताना पाहणारा पोर्तुगाल या लग्नाच्या निमित्ताने एक लष्करी भागीदार विकत घेत होता. इंग्रजांचा या बंदरावर डोळा होता तोही आजचा नव्हे. १६२६ साली इंग्रज आणि डच यांच्या आरमारांनी मिळून मुंबईवर धाड घातली होती व तिथला पोर्तुगीज वाडा जाळला होता. १६५२ साली सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनी हे बंदर पोर्तुगिजांकडून विकत घ्यावे असे कंपनीला सुचवले होते. तेव्हा ज्याला आपण कौतुकाने आंदण म्हणतो, तो दोन गरजू दरबारांमधला रोखठोक सौदा होता.

आणि तो सौदाही सुखासुखी पार पडला नाही. १६६२ साली लॉर्ड मार्लबरोच्या आरमाराबरोबर अब्राहम शिपमन काही शे सैनिक घेऊन मुंबईच्या बंदरात आला, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय अँतोनियु द मेलु द कास्त्रु याने कागदपत्रांत खुसपटे काढून बेट देण्याचे साफ नाकारले. शिपमनला आपल्या माणसांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तळ ठोकावा लागला. तिथे तापाने आणि उपासमारीने सैनिक पटापट मेले, १६६४ साली शिपमनही गेला, आणि त्याचा चिटणीस हम्फ्रे कुक याने अखेर पदरात पडेल ते घेऊन करार केला तेव्हा मूळच्या सुमारे चारशे शिपायांपैकी शंभराच्या आसपासच जिवंत होते. व्हाइसरॉयने आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात, मुंबईत इंग्रज ज्या दिवशी पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल, असा इशारा दिला होता. इतिहासाने त्याचे म्हणणे खरे ठरवले, ही गोष्ट वेगळी. पण ज्याने हा ठेवा द्यायचा होता तो किती नाखुशीने देत होता, हे त्यातून दिसते.

१८ फेब्रुवारी १६६५चा ताबा-समारंभ तर मुद्दाम डोळ्यांपुढे आणण्यासारखा आहे. तो झाला दोना इग्नेस द मिरांडा या विधवा जमीनदारीणबाईंच्या वाड्यात, म्हणजे आजच्या टाउन हॉलच्या मागच्या बाजूला जो भाग येतो तिथे. या बाईंना बेटाची मालकीण म्हणून ओळखले जाई. हाच वाडा शंभर वर्षांपूर्वी गोव्याचा नामांकित वैद्य गार्सिया द ऑर्टा याच्याकडे होता. त्याला हे बेट पोर्तुगिजांनी खंडाने दिले होते. त्या दिवशीच्या दस्तऐवजात लिहिल्याप्रमाणे कुकने बुरुजांवरून चालत जाऊन, भिंतींना हात लावून, तिथली माती आणि दगड मुठीत घेऊन ताबा स्वीकारला. एका इंग्रजाच्या मुठीत मावलेली ती माती नेमकी किती जमिनीची होती, याचा मात्र त्या कागदाने निकाल लावला नाही. पोर्तुगिजांच्या मते माहीम हे वेगळे बेट असून ते तहात नव्हते. इंग्रजांच्या मते लंडनला दाखवलेल्या नकाशात मुंबईच्या उत्तरेचे साष्टी बेट आणि ठाणेसुद्धा होते. कुकने काही महिन्यांतच माहीम बळकावले. पोर्तुगिजांना दिलेल्या सवलती इतक्या मानहानीच्या होत्या की चार्ल्सने कुकचा करार नाकारला. त्या करारातले एक कलम मला फार बोलके वाटते. पोर्तुगिजांच्या हद्दीतल्या गावांमधले कुणबी, भंडारी आणि इतर कामकरी लोक पळून मुंबईत आले, तर त्यांना आसरा न देता परत पाठवावे, अशी ती अट होती. ओसाड बेटासाठी कोणी असली अट घालत नाही. जमिनीपेक्षा ती कसणाऱ्या हातांची किंमत अधिक आहे, हे व्हाइसरॉयला आणि कुकला दोघांनाही पुरते ठाऊक होते.

ओसाडपणाची कल्पना तर कागदपत्रांआधी दगडांनीच खोटी ठरवली आहे. १९३१ साली परळला रस्त्याचे काम चालू असताना शिवाचे जे भव्य शिल्प जमिनीतून निघाले, ते सहाव्या शतकाच्या आसपासचे मानले जाते. माहीमला मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे आणि ते पंधराव्या शतकात होऊन गेले. गुजरातच्या सुलतानांचे ठाणे माहीमला होते, आणि १५३४ साली बहादूरशाहने वसईसह हा टापू पोर्तुगिजांना दिला तेव्हा तो मोगलांच्या भीतीने टेकीला आला होता. कोळ्यांची वस्ती, नारळ-ताडाच्या वाड्या, भाताची खाचरे, मिठागरे, मासळीचा व्यापार हे सगळे इंग्रजांच्या आधीपासून नांदत होते. इंग्रजांना पहिल्यांदा त्रास झाला तो ओसाडपणाचा नव्हे, वासाचा. वाड्यांमधली माडाची झाडे मासळीचे खत घालून वाढवण्याची इथली रीत होती. सडत्या मासळीने हवा बिघडते आणि ताप पसरतो, अशी समजूत करून घेऊन कंपनीने त्या खतावर बंदी घातली. ताप काही थांबला नाही. तो दलदलीचा होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने, दोन पावसाळे म्हणजे इथल्या माणसाचे आयुष्य, अशी इंग्रजांमध्ये रूढ असलेली म्हण नोंदवून ठेवली आहे. ज्या बेटाचे वर्णन पुढे साम्राज्याचा दागिना म्हणून झाले, ते आधी परदेशी नोकरांचे स्मशान होते.

२७ मार्च १६६८च्या सनदेने राजाने हे बेट कंपनीला दिले, त्यामागेही दूरदृष्टीपेक्षा कंटाळाच अधिक होता. पहाऱ्याचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होत होता. इथे ज्याचे नाव घ्यायला हवे आणि शाळेच्या पुस्तकांत सहसा दिसत नाही, तो जेराल्ड आँजियर पुढे येतो. १६६९ ते १६७७ या काळात तो कंपनीच्या सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्यापुढचा पेच साधा होता. बेटाची मालकी राजाकडून कंपनीकडे आली म्हणजे जमीनही कंपनीची झाली, असा कंपनीचा दावा होता. उलट इथले पोर्तुगीज जमीनदार, ख्रिस्ती झालेले आणि न झालेले स्थानिक खातेदार, वाड्यांचे मालक हे आपापल्या वहिवाटीवर ठाम होते. एकेकाचा दस्त तपासत बसावे तर वर्षानुवर्षे वाद चालणार आणि लोक खाडी ओलांडून पोर्तुगिजांच्या हद्दीत निघून जाणार. तेव्हा रहिवाशांना बोलावून वाटाघाटी झाल्या. १६७२ साली करार ठरला आणि १६७४च्या जुलैत तो पक्का झाला. मुंबई आणि माहीमच्या जमीनधारकांनी मिळून कंपनीला वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीज चांदीची नाणी) द्यावेत, प्रसंगी बेटाच्या रक्षणासाठी माणसे पुरवावीत, आणि त्या बदल्यात कंपनीने त्यांच्या जमिनींवरचा हक्क मान्य करावा, असा त्याचा गाभा होता.

हा करार उदारमनस्क होता असे मी म्हणत नाही. कंपनीने स्वतःसाठी हव्या त्या जमिनी वगळून घेतल्या, आणि पुढे संधी मिळताच जप्त्याही केल्या. परळची जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाची मालमत्ता अशीच सरकारजमा झाली, तिथे पुढे गव्हर्नरांचा वाडा झाला आणि त्याच वास्तूत १८९९ पासून आजच्या हाफकिन संस्थेची प्रयोगशाळा आहे. तरीही महत्त्वाची गोष्ट अशी की, राजाच्या मोहोरेने आणि कंपनीच्या सनदेने जे साधले नव्हते, ते रहिवाशांच्या सह्यांनी साधले. या करारातून आलेला जमिनीचा धारणाप्रकार शहराच्या महसुली नोंदींत ‘पेन्शन अँड टॅक्स’ या नावाने विसाव्या शतकापर्यंत टिकला. फोरास, टोका असे आणखी जुने प्रकारही त्या नोंदींत भेटतात, आणि फोरासच्या जमिनींसाठी १८५१ साली खास कायदा करावा लागला. दक्षिण-मध्य मुंबईतल्या जुन्या मिळकतीचे व्यवहार करणाऱ्या कोणत्याही वकिलाला हे शब्द परके नाहीत. लग्नाच्या तहाची अशी कोणतीही निशाणी मालमत्तेच्या पत्रकात सापडत नाही.

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे जून १६७४मध्ये, मुंबईहून गेलेला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर होता आणि त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून नारायण शेणवी होता. आपल्याकडे या भेटीचे वर्णन राज्याभिषेकाच्या थाटासाठी वाचले जाते. मुंबईच्या बाजूने पाहिले तर त्या वारीचे प्रयोजन निकडीचे होते. राजापूरच्या वखारीच्या नुकसानीची भरपाई हवी होती, आणि बेटाला लागणारे लाकूड, धान्य व गुरे समोरच्या मुलखातून यायची, ती अडू नयेत म्हणून तह हवा होता. भोवताली सगळी राज्ये दुसऱ्यांची असताना मुंबई केवळ किल्ल्याच्या तोफांवर जगू शकत नव्हती. पाचच वर्षांनी महाराजांनी बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी ते काम उधळून लावण्याचा प्रयत्न केला आणि त्यात त्यांना यश आले नाही. १६८३च्या अखेरीस तर कंपनीच्याच सैन्याचा कप्तान रिचर्ड केग्विन याने बंड करून कंपनीचा अंमल मोडीत काढला आणि जवळजवळ वर्षभर राजाच्या नावाने बेटाचा कारभार केला; त्या काळात त्याने संभाजी महाराजांशी स्वतंत्रपणे बोलणी करून तहही केला. १६८९-९०मध्ये मोगलांच्या बाजूच्या जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने माहीमपासून माझगावपर्यंत बेट व्यापून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले होते, आणि औरंगजेबापुढे कंपनीने नाक घासल्यावरच तो माघारी गेला. ज्याला आपण वसाहतवादी सामर्थ्याचे पीठ म्हणतो, ते पहिली चाळीस वर्षे असे कोणाच्याही धक्क्याने हलत होते.

मग लोक इथे का आले? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर आँजियरच्या दुसऱ्या उद्योगात आहे. पोर्तुगीज मुलखात इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, दहशत होती आणि हिंदूंना आपले विधी उघडपणे करता येत नव्हते. सुरतेत मोगल अधिकाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागे. अशा परिस्थितीत कंपनीने व्यापाऱ्यांना आपापल्या धर्माने राहण्याची हमी दिली. १६७७ साली दीवचा वाणी नीमा पारख याने मुंबईत येण्यापूर्वी जो करार लिहून घेतला, तो वाचण्यासारखा आहे. आपल्या घराच्या आवारात कोणी जीवहत्या करू नये, आपले मृत आपल्या रीतीने दहन करता यावेत, आपल्यावर किंवा आपल्या माणसांवर ख्रिस्ती होण्याची सक्ती होऊ नये, पहाऱ्याची बिगार आपल्याला लागू नये, अशी त्याची मागणी होती आणि कंपनीने ती मान्य केली. एखादा व्यापारी आपल्या अटी सरकारपुढे ठेवतो आणि सरकार त्या लेखी स्वीकारते, हा प्रकार त्या काळच्या कोकण किनाऱ्यावर विरळा होता. पारशांना मलबार टेकडीवर दोखम्यासाठी, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यासाठी, जागा मिळाली तीही याच सुमारास. कंपनीला पुण्य कमवायचे नव्हते. तिला सुरतेचे भांडवल हवे होते. पण आपली गरज ओळखून अटी घालण्याची अक्कल इथे येणाऱ्यांना होती, आणि शहराचा स्वभाव त्या अटींनी घडवला.

पुढची शंभर वर्षे या शहराला जो आकार आला, त्यात स्थानिक पैसा आणि स्थानिक कौशल्य पदोपदी दिसते. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी गोदीचे काम हाती घेतले. त्यांच्या घराण्याने सागवानी लाकडाची जी जहाजे बांधली त्यांतले १८१७चे ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये आजही पाहायला मिळते. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली, तेव्हा माहीमच्या खाडीपलीकडे एकाएकी पेशव्यांचे राज्य आले आणि मुंबईच्या गव्हर्नराची झोप उडाली. कंपनीने एकीकडे कॅप्टन इंचबर्डला वसईला आणि गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांकडे गोड बोलण्यासाठी धाडले, आणि दुसरीकडे कोटाभोवती खंदक खणायला घेतला. त्या खंदकासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. शहरातले व्यापारी मराठ्यांच्या भीतीने इंग्रजांच्या खंदकाला पैसे देत होते, ही गोष्ट आज काहींना रुचणार नाही, पण ती घडली. आपल्या इतिहासातून सोयीचे तेवढे उचलायचे आणि गैरसोयीचे गाळायचे, हे इंग्रजधार्जिण्या कथेला जितके लागू आहे तितकेच तिच्या उलट बाजूच्या कथेलाही लागू आहे.

सात बेटे जोडल्याच्या गोष्टीबद्दलही असेच. शाळेच्या नकाशात ही बेटे स्वच्छ निळ्या पाण्यात वेगवेगळी काढलेली असतात. प्रत्यक्षात त्यांतली बरीचशी भरतीला वेगळी आणि ओहोटीला चिखलातून चालत जाता येतील अशी होती, आणि खरी अडचण होती ती महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या भगदाडाची. तिथून समुद्र आत घुसून बेटाच्या मधला सखल भाग बुडवीत असे. हे भगदाड बुजवण्याचे प्रयत्न आँजियरनंतर वारंवार झाले. विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८०च्या दशकात, ते पक्के बांधले गेले. त्या बांधकामाशी पाठारे प्रभू ज्ञातीतल्या रामजी शिवजी यांचे नाव जोडले जाते आणि त्यांना स्वप्नात दिसलेल्या महालक्ष्मीची आख्यायिका सर्वांना माहीत आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यात एक सत्य उरतेच. बांधाचा आराखडा कोणाचाही असो, दगड वाहणारे, माती टाकणारे, नव्या कोरड्या जमिनीवर पहिल्यांदा झोपड्या घालणारे लोक इथले आणि तेलंगणासारख्या मुलखातून आलेले होते. कामाठीपुऱ्याची वस्ती त्यांचीच. साष्टीशी जोडणारा शीवचा रस्ता १८०५ साली पुरा झाला, कुलाब्याचा १८३८ साली. माहीमच्या खाडीवरचा रस्ता सरकारने पैसे नाहीत म्हणून रेंगाळत ठेवला होता. तो जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिल्यावर १८४५ साली खुला झाला. म्हणजे ज्या रस्त्याने आज वांद्र्याहून माहीमला येणारी वाहने धावतात, तो एका स्थानिक बाईच्या देणगीचा आहे. ‘इंग्रजांनी बेटे जोडली’ या एका वाक्यात ही सगळी माणसे गडप होतात.

त्याच वेळी जमशेटजींचा पैसा चीनच्या अफूच्या व्यापारातून आला होता, हेही लिहायला हवे. माळव्याची अफू आणि गुजरात-खानदेश-वऱ्हाडचा कापूस यांच्यावर हे शहर एकोणिसाव्या शतकात फुगले. त्याआधी, १६६१ नंतर सव्वाशे वर्षांनी, गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसला मुंबईचा खर्च इतका खुपत होता की तिचा इलाखा गुंडाळून तिथे लहानशी वखार ठेवावी, असा विचार त्याने मांडला होता. ज्याला जन्मतःच भाग्यवान म्हणतात त्या बाळाबद्दल घरच्यांनी सव्वाशे वर्षांनी असे बोलावे, याचा अर्थ आंदणात भाग्य आले नव्हते. ते आले समोरच्या मुलखातल्या घडामोडींतून. साष्टी १७७४ साली बळाने घेतली गेली आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने कंपनीकडे राहिली; १८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि घाटावरचा बाजार उघडला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव गगनाला भिडवले आणि १८६४च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. युद्ध संपताच सट्टा कोसळला, आणि १८७२च्या गणनेत ती ६,४४,४०५ वर उतरली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली, १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, नाना शंकरशेट आणि जमशेटजी त्या रेल्वेच्या संचालकांत होते. रत्नागिरीहून बोटीने आलेल्या माणसांनी गिरण्या भरल्या तो भाग आपल्या वाचकांना सांगायला नको.

हे सारे लिहिण्यामागे मुंबईचे श्रेय इंग्रजांकडून काढून आपल्या खात्यावर लिहावे, असा माझा हट्ट नाही. बंदर, न्यायालय, नाणी पाडण्याची टांकसाळ, कोटाच्या भिंती, पुढे महापालिकेचा १८८८चा कायदा या कंपनीच्या आणि ब्रिटिश सरकारच्या गोष्टी आहेत आणि त्या तशा मान्य करण्यात कमीपणा नाही. मुंबई पुराणकाळापासून अशीच महानगरी होती, असे म्हणणारेही अलीकडे भेटतात. त्यांनी १६६५ सालच्या बेटाची अवस्था नजरेखालून घालावी. माझा आक्षेप इतकाच की, वसाहतकाळात घडलेल्या शहराचा उगम सांगताना आपण राजघराण्यातल्या लग्नापाशी थबकतो, आणि ज्या व्यवहारात इथला माणूस स्वतः पक्षकार म्हणून हजर होता तो व्यवहार आपल्याला ठाऊकही नसतो. दोना इग्नेसच्या दिवाणखान्यातल्या समारंभात कोळी, भंडारी, कुणबी यांना कोणी विचारले नव्हते. १६७४च्या करारातही त्यांतल्या भूमिहीनांना आवाज नव्हता, हे कबूल. पण निदान जमीन कसणाऱ्या आणि वाड्या राखणाऱ्या काहींच्या सह्या त्यावर होत्या. भंडाऱ्यांची जी पलटण कंपनीने उभारली, तिचा पायाही या करारातल्या माणसे पुरवण्याच्या कलमात आहे. मुंबादेवीचे मूळ देऊळ बोरीबंदरच्या परिसरात होते, ते अठराव्या शतकात कोटाच्या सोयीसाठी हलवावे लागले. डोंगरी आणि आसपासच्या कोळीवस्त्यांनाही सरकावे लागले. वरळी, माहीम, शीव, धारावी, माझगाव इथले कोळीवाडे आपल्या सीमांकनासाठी आजही सरकारदरबारी खेटे घालत आहेत. त्यांचा दावा शहरापेक्षा जुना आहे, हे शासकीय पत्रांत अगत्याने लिहिले जाते. मग त्या दाव्याचा इतिहास शाळेच्या पाठात यायला काय हरकत आहे?

एक व्यावहारिक अडचणही सांगतो. मुंबईच्या मूळ किल्ल्याचे, म्हणजे त्या वाड्याभोवती उभ्या राहिलेल्या कोटाचे, अवशेष आज नौदलाच्या ‘आंग्रे’ या तळाच्या आवारात आहेत आणि सुरक्षेच्या कारणास्तव सामान्य माणसाला तिथे सहज जाता येत नाही. आरमाराच्या या ठाण्याला ज्या कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे, त्यांनी हयातभर त्याच किल्ल्याच्या मालकांना समुद्रावर सळो की पळो केले, ही योगायोगाची मौज जाणकारांच्या लक्षात येईलच. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरातला फोर्ट जॉर्जचा तुकडा सोडला तर कोटाच्या भिंती बाहेरून कुठेच दिसत नाहीत, कारण त्या १८६०च्या दशकात बार्टल फ्रियरच्या काळात पाडल्या गेल्या. पर्यटकाला दाखवायला मग गेटवे ऑफ इंडिया आणि रेल्वेचे स्थानक एवढेच राहते, आणि शहराच्या उगमाची कथा सांगणाऱ्याला लग्नाच्या गोष्टीचा आधार घ्यावा लागतो.

यावर उपाय अवघड नाही. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागाराकडे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, कंपनीच्या मुंबई कारभाराची दप्तरे आहेत. १६७४च्या कराराचा आणि १६७७च्या नीमा पारखच्या करारनाम्याचा टीपांसह मराठी अनुवाद शासनाने किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाने काढून तो शिक्षकांच्या हाती द्यावा. किल्ल्याच्या नौदलाकडील भागात वर्षातून काही ठराविक दिवशी नोंदणी करून नागरिकांना प्रवेश देता येईल का, याची चौकशी पुरातत्त्व खात्याने करावी. देशातल्या इतर लष्करी आवारांतली स्मारके अशी पाहता येतात. आणि आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी की, पुढच्या पुरवणीत लग्नाच्या तहावर आणखी एक लेख घेण्याऐवजी आँजियरच्या कराराची कलमे मराठीत जशीच्या तशी छापावीत. ती एका पानात सहज मावतील, आणि त्यावर वाद घालायला वाचक समर्थ आहेत.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक,
दादर (पूर्व), मुंबई